सोबतीला आलेले अण्णा

कणकेचा दिवा विझताना एक वास सुटतो, तो तुम्ही कधी लक्ष देऊन घेतला आहे का? तूप संपत येतं, वात कडेला टेकते, हळद घातलेली कणीक आधी खरपूस भाजते आणि मग जळू लागते. पहिल्या क्षणी तो वास तव्यावरच्या पोळीचा असतो, भूक चाळवणारा. दुसऱ्या क्षणी त्यात काहीतरी करपल्याची शंका मिसळते. तिसऱ्या क्षणी घरातलं कुणीतरी ‘अगं, काय जळतंय बघ’ म्हणत उठतं. अन्न आणि राख एकमेकांना इतकी खेटून बसलेली मी दुसऱ्या कुठल्या वासात अनुभवली नाहीत. गेली दोन वर्षं मला या वासाची भीती वाटते. संध्याकाळी मल्लेश्वरमच्या गल्ल्यांतून चालताना एखाद्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो आला, की माझी पावलं आपोआप भरभर पडू लागतात, जणू मागून कुणी हाक मारील आणि थांबावं लागेल.

तो वास आमच्या घरात भरून राहिला होता अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी. अण्णा म्हणजे माझे वडील. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत वडिलांना अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या बोलण्यात ‘ठीक आहे’च्या जागी ‘सरी’ केव्हा येऊन बसलं, तेही कुणाला आठवत नाही. अण्णांचा तर अर्धा संवाद त्या एका शब्दावर भागायचा. काफी स्वल्प पातळ झाली, सरी. पंखा बंद पडला, सरी. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकलेल्या त्या माणसाने स्वतःची तक्रार म्हणून कधी नोंदवली नाही.

ऐंशी वर्षं पुरी झाली, हजार पौर्णिमा पाहून झाल्या, म्हणून आम्ही शांत केली. बनशंकरीहून अक्का आदल्या दिवशीच आली होती. तिने आणि माझ्या पत्नीने, वीणाने, मिळून कणीक तिंबली, वर्षागणिक एक असे ऐंशी दिवे वळले आणि पितळेच्या मोठ्या परातीत मांडले. परात इतकी जड झाली की दोघींनी दोन बाजूंनी धरून ओवाळलं. अण्णा पाटावर बसलेले, शेजारी आई, अण्णांच्या अंगावर नवं उपरणं, समोर ऐंशी ज्योतींची धग. त्या धगीने त्यांचा चेहरा लालसर दिसू लागला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी म्हणालं, “बघा, कसं समाधान आहे चेहऱ्यावर!” मलाही तसंच वाटलं. मिटलेल्या डोळ्यांत समाधान वाचणं किती सोपं असतं! मग पाटावरून उठताना त्यांचा हात कमरेकडे गेला आणि ते अर्धवट उठून पुन्हा बसले. भटजी हसून म्हणाले, “अण्णा, हजार चंद्र काय फुकट दिसतात? कंबर स्वल्प कुरकुरणारच!” सगळे हसले. अण्णाही हसले, “सरी, सरी” म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. त्या खांद्यावर पडलेलं त्यांचं वजन नेहमीपेक्षा जास्त होतं. तेवढ्यात दिवे विझू लागले होते, आणि तो वास घरभर पसरत होता.

आता हे सगळं असं का घडलं, ते सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल. कारण त्या दिवशी आमच्या घरात एक रोगी होता, सगळ्यांना ठाऊक असलेला, आणि तो मी होतो.

मी एका विज्ञानसंस्थेत ग्रंथपाल आहे. संस्थेत दरवर्षी कर्मचाऱ्यांची तपासणी होते, रक्त घेतात, कागद हातात देतात आणि आपण तो न वाचता घडी करून ठेवतो. चोपन्नाव्या वर्षी माझ्या कागदावर एका आकड्याखाली रेघ मारलेली होती. मग दुसरी तपासणी, मग सुईने घेतलेले तुकडे, आणि मग एका शांत दुपारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की प्रोस्टेटमध्ये कर्करोग आहे. सौम्य प्रकारचा, एवढ्याशा जागेत, बहुधा वर्षानुवर्षं झोपून राहील असा. लगेच कापाकापी नको, पण त्याच्यावर नजर ठेवायची. ठरावीक काळाने रक्त, अधूनमधून पुन्हा तुकडे. “तुम्ही या आजारासाठी तरुण आहात,” त्या म्हणाल्या. चोपन्नाव्या वर्षी मला तरुण म्हणणारा साऱ्या शहरात तो एकच विभाग असावा! दुसऱ्या कुठल्या कारणाने ते ऐकलं असतं तर मी घरी येऊन वीणाला कौतुकाने सांगितलं असतं.

तरुण या शब्दाने आमच्या घरात जो हाहाकार उडवला, तो कर्करोग या शब्दानेही उडवला नव्हता. ज्याला त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: हा म्हाताऱ्यांचा आजार. म्हाताऱ्यांना होतो तेव्हा तो म्हाताऱ्यासारखाच हळू चालतो, आणि तरुणाला झाला तर तरुणासारखा धावतो. अक्का फोनवर रडत म्हणाली, “इतक्या लहान वयात रे! आमच्या शेजारच्या रायरांना झाला होता, पण ते नव्वदीचे. काही केलं नाही त्यांनी, आणि गेले ते शेवटी न्युमोनियाने.” ज्याचं वय जास्त त्याला धोका कमी, ज्याचं वय कमी त्याला जास्त. इतका सोपा, इतका नीटस हिशेब, की कुणालाही तो तपासून पाहावासा वाटला नाही. मलाही नाही, आणि माझा तर सारा जन्म तपासून पाहण्याच्या वस्तूंमध्ये गेला आहे.

तेव्हापासून अण्णा माझ्या सोबतीला येऊ लागले. मी नको म्हणत असे, पण त्या दिवशी ते माझ्याआधी तयार होऊन दारात उभे असत. धुतलेला सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत काफीचा थर्मास आणि दोन स्टीलचे पेले. रुग्णालयाच्या त्या विभागाबाहेर एक लांब व्हरांडा आहे. त्यात भिंतीला लावून खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर हातात पाण्याची बाटली घेऊन बसलेले पुरुष, बहुतेक सगळे साठी-सत्तरीच्या पुढचे. एकमेकांकडे न बघता, घोट घोट पाणी पीत, आपली पाळी येण्याची वाट बघत असलेले. पुरुष एरवी क्रिकेटवर बोलतात, राजकारणावर बोलतात, रस्त्यातल्या खड्ड्यांवर तर तासभर बोलतात, पण त्या व्हरांड्यात कुणी बोलत नसे. जणू शरीराच्या त्या भागाने सगळ्यांना एकदमच शाळेच्या बाकावर आणून उभं केलं होतं. आमच्या घरात तरी काय वेगळं होतं? त्या ग्रंथीला आमच्याकडे नावच नव्हतं. आई ‘तुझं ते’ म्हणायची, आणि आम्ही समजून घ्यायचो.

त्या शांततेत अण्णा थर्मास उघडत, काफीचा वास पसरे आणि दोन-चार माना वळत. मदतनीस चाकांची खुर्ची ढकलत येई, आमच्या दोघांकडे बघे आणि साहजिकच अण्णांसमोर थांबे. “ताता, बन्नी,” म्हणे. आजोबा, या. आणि अण्णांचा तो ठरलेला विनोद, ज्याची मीही नंतर वाट बघू लागलो होतो. ते दोन्ही हात वर करत आणि म्हणत, “नानल्ला, नन्न मगा!” मी नव्हे, माझा मुलगा. मग माझ्याकडे वळून मराठीत, “तू जा. मी नुसता बॉडीगार्ड.” मदतनीस हसे, शेजारचे म्हातारे हसत, आणि मी उठून आत जात असे.

तीन वर्षं हा विनोद चालला. तीन वर्षं त्या एकाच खुर्च्यांच्या रांगेत, त्या एकाच दारापासून चार पावलांवर, अण्णा बसून होते.

आज मागे वळून पाहताना दिसतं की त्याच काळात घरात आणखीही काही घडत होतं. अण्णांना वरचेवर बाथरूमला जावं लागे. बसमधून जायचं म्हटलं की ते विचारात पडत. सकाळचं चालणं आठव्या क्रॉसच्या फुलबाजारापर्यंत जाई, ते अलीकडच्या देवळापर्यंत येऊन थांबलं. कंबर दुखे, मांडी दुखे, वजन उतरलं. आणि प्रत्येक गोष्टीवर घरात एकच उत्तर तयार होतं: वय झालं. तेच अण्णा देत, तेच आई, तेच मी. किती दयाळू वाटतात हे दोन शब्द, आणि किती निर्दय असतात! त्यांचं पांघरूण एकदा कुणाच्या अंगावर घातलं की मग आत काय चाललं आहे, ते कुणी उचलून बघत नाही. माझ्या नुसत्या शिंकेवर घर गोळा व्हायचं, आणि अण्णांचा हात कमरेवर गेला की कुणीतरी त्यांच्या पाठीमागे उशी सरकवायचं.

सहस्रचंद्राची शांत झाल्यावर पंधरवड्याने अण्णा अंगणातल्या पायरीवर बसले आणि त्यांना उठता येईना. नेहमीच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला आणि तो बघून त्यांनी आम्हाला त्याच व्हरांड्यात पाठवलं. “ताता, बन्नी,” मदतनीस सवयीने म्हणाला आणि हसून माझ्याकडे वळू लागला. अण्णांनी हात वर केले नाहीत. ते म्हणाले, “सरी,” आणि चाकांच्या खुर्चीत बसले. बाहेरच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी होती, थर्मास होता, आणि मी होतो. सोबतीला आलेला.

त्यानंतर आम्ही अण्णांचं चित्र पाहिलं. नसेतून औषध सोडून साऱ्या देहाचं काढतात ते. डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. काळोखात बुडालेला हाडांचा धूसर सांगाडा, आणि त्याच्या कण्यावर, बरगड्यांवर, कमरेच्या हाडात चमकणारे नारिंगी ठिपके. अक्का पुढे झुकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अगदी परातीतल्या दि...” शब्द तिने अर्ध्यावर तोडला. पण तो ऐकू आला होता. मला तेव्हा खरोखर कणीक जळल्याचा वास आला. त्या स्वच्छ, थंड, औषधी खोलीत कणकेचा वास कुठून येणार? पण आला.

मी बाईंना विचारलं ते अगदी बालिश होतं. मी म्हणालो, “पण म्हाताऱ्यांमध्ये हा सौम्य असतो ना?” त्यांना हा प्रश्न नवा नसावा. त्या कंटाळल्या नाहीत. म्हणाल्या की पुष्कळ वृद्धांमध्ये तो मंद असतो हे खरं, इतका मंद की तो आहे हे त्यांना कळतही नाही. पण वय वाढतं तसा नुसता रोगच वाढतो असं नाही, त्याच्या उग्र प्रकाराचं प्रमाणही वाढतं. उतारवयात तो सापडतो तेव्हा अनेकदा जास्त तीव्र आणि जास्त पसरलेला सापडतो. तरुणांत बहुतेकदा लवकर आणि सौम्य सापडतो, मात्र क्वचित एखाद्या तरुणाला उग्र होतो, तेव्हा तो कुणाचं ऐकत नाही. “वयावरून अंदाज करता येतो, निदान करता येत नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “तक्रार काय आहे, ते विचारावं लागतं.” हे त्या आम्हाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. तरी आम्हा भावंडांपैकी कुणाचीही मान वर झाली नाही.

ग्रंथालयात कसर लागते, तुम्हाला माहीत असेल. चंदेरी, चपळ, कागद खाणारा किडा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मला वाटे की कसर जुन्या पुस्तकांना जास्त आवडते, कारण खाल्लेली पुस्तकं निघत ती बहुतेक जुनीच. पुढे कळलं की तेवढंच कारण नव्हतं. जुन्या कागदात तिला आवडणारी खळ असते हे खरं, पण नव्या पुस्तकाला वाचक असतो. ते दर आठवड्याला कुणीतरी उघडतं, पानं हलतात, आणि पहिलं भोक पडलं की ते आमच्या टेबलावर येतं. मागच्या अंधाऱ्या कपाटातलं जुनं पुस्तक बाहेरून भरभक्कम दिसत उभं असतं. चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं. ते कुणी उघडतच नाही, आणि उघडतं तेव्हा हातात भुसा येतो. मग आपण म्हणतो, जुनं झालं होतं! वयाने पोखरलं किती आणि न उघडल्यामुळे पोखरलं गेलं किती, हे त्या भुशातून कसं वेगळं काढायचं? अण्णांच्या आजारावर जे जे वाचण्यासारखं होतं ते मी हळूहळू वाचून काढलं. जाणकारही या प्रश्नापाशी येऊन आवाज खाली आणतात, असं मला दिसलं. वय हे कारण आहे, की वय हा केवळ उशीर आहे? दोन्ही, असंच सगळे म्हणतात. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, ते कुणी सांगत नाही.

अण्णा पुढचा उन्हाळा पाहू शकले नाहीत. इंजेक्शनं दिली, दुखणं थोडं मागे हटलं, पुन्हा आलं. फाल्गुनात आमच्या रस्त्यावरची झाडं पानं टाकून नुसत्या गुलाबी फुलांनी भरतात, तेव्हा ते खिडकीशी पडून असत. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, आणि ते मध्येच म्हणाले, “तुझी तारीख कधी रे?” मला वाटलं ते भ्रमात आहेत. पण ते माझ्या पुढच्या तपासणीची तारीख विचारत होते. मी सांगितली. “सरी,” ते म्हणाले, “थर्मास घासून ठेवायला सांग.”

ते गेल्यावर माझ्या भीतीने आपली जागा बदलली. पूर्वी मला तरुण असण्याची भीती होती, आता वय वाढण्याची वाटू लागली. पाया पडलो की वडीलधारे म्हणतात, शतायुषी हो. तो आशीर्वाद ऐकताना माझ्या पाठीच्या कण्यातून काहीतरी सरकत जातं. शंभर वर्षं! म्हणजे त्या झोपलेल्या पाहुण्याला जागं व्हायला किती अवकाश! सगळी माणसं आयुष्य मागतात. मी मागावं तरी कसं आणि न मागावं तरी कसं? दाढी करताना आरशात माझा चेहरा दिवसेंदिवस अण्णांसारखा होत चाललेला दिसतो. हनुवटी तीच, कानाच्या पाळ्या त्याच. एरवी कुणाला हे साम्य सुखावह वाटलं असतं. मी मात्र त्या चेहऱ्यामागे, आत, आणखी कुठे कुठे साम्य असेल याचा विचार करत उभा राहतो, आणि साबण वाळून जातो.

वर्षश्राद्ध झालं. आणि माझी साठी जवळ आली.

साठीला आमच्यात षष्ट्यब्दीची शांत करतात. अक्काने मुहूर्त काढायला घेतला. त्याच सुमारास माझ्या रक्तातला आकडा पूर्वीपेक्षा चढलेला निघाला, आणि बाईंनी सांगितलं की पुन्हा तुकडे घेऊन पाहावे लागतील. मी घरी आलो आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, “आधी शांत होऊन जाऊ दे. मंगलकार्य आहे, सगळे येणार आहेत. नंतर बघू.” वीणाने हातातलं काम खाली ठेवलं. अक्का म्हणाली, “हो, तेच बरं. शांत झाली की सगळं नीट होतं.”

आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. अण्णा गेल्यापासून ती फार कमी बोलते. तिने मान वर केली नाही. “पुन्हा तेच करायचं का?” ती म्हणाली. “त्यांचे दिवे ओवाळले आपण, आणि दुसरं काही बघितलं नाही. हजार चंद्र दिसले सगळ्यांना. त्यांची कंबर नाही दिसली.” शेंग मोडल्याचा आवाज झाला. “आधी डॉक्टर. कणीक मी नंतर तिंबीन. काय निघायचं ते निघू दे, दिवे तर लावूच. पण आधी बघून.” मग टरफलं गोळा करत, “मी येते सोबतीला.”

तिला नको म्हणणं अण्णांना नको म्हणण्याइतकंच निरर्थक होतं. त्या सकाळी ती माझ्याआधी दारात उभी होती. खांद्याला तीच पिशवी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई त्या पुरुषांच्या रांगेत, पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध, पदर सावरून बसली आणि तिने थर्मास उघडला. माना वळल्या. पेला घेताना काफी माझ्या हातावर सांडली. तिने पदराने पुसली. तेवढ्यात खुर्ची ढकलत मदतनीस आला, नवा होता, आम्हा दोघांकडे बघून तो थेट माझ्यासमोर थांबला.

“ताता, बन्नी.”

आई आधी चकित झाली, आणि मग अण्णा गेल्यानंतर प्रथमच मी तिला तोंडावर पदर घेऊन हसताना पाहिलं. “ऐकलंस? ताता म्हणाला तुला!” मीही हसलो. ज्या व्हरांड्यात मी तरुण म्हणून आलो होतो, तिथेच, त्याच खुर्च्यांवर बसून बसून, मी म्हातारा झालो होतो! कानात अण्णांचा आवाज इतका स्पष्ट होता की जिभेवर त्यांचेच शब्द आले, नानल्ला. मी ते गिळले. “नाने,” मी म्हणालो. मीच. आणि उठलो.

मधले दिवस मी कसे काढले, ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की संस्थेत माझ्या टेबलावरचा फोन वाजला की मी तो तिसऱ्या-चौथ्या घंटेपर्यंत उचलत नसे, आणि बाहेर गुलाबी फुलं पडत राहत. शेवटी बोलावणं आलं. झोपलेला पाहुणा कूस बदलून उठून बसला होता. पूर्वीचा सौम्यपणा राहिला नव्हता, एक पायरी चढली होती. पण तो अजून घराबाहेर पडलेला नाही, असं बाई म्हणाल्या. शस्त्रक्रिया करावी लागेल, ती लवकर करू, आणि तिच्यानंतर काय काय सोसावं लागेल तेही त्यांनी न लपवता सांगितलं. ते ऐकताना वीणाने माझा हात धरून ठेवला होता. “त्यासाठी तुमचं वय चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. चांगलं वय! चोपन्नाला मी तरुण होतो, परवा व्हरांड्यात म्हातारा, आणि आज माझं वय चांगलं. हे एकच वय नेमकं आहे तरी काय? मला एकदम अण्णा आठवले. त्यांना ‘तुमचं वय चांगलं आहे’ असं कुणीच कधी म्हणालं नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात माझी साठी आली. फार माणसं बोलावली नाहीत. आईने सांगितल्याप्रमाणे स्वतः कणीक तिंबली, हळद घातली, आणि तिघींनी मिळून दिवे वळले. मी पाटावर बसलो. अक्काने परात उचलायला हात पुढे केला, तर आईने तो अलगद बाजूला सारला आणि वीणाला दुसरी बाजू धरायची खूण केली. नवरा गेलेल्या बाईने ओवाळू नये, असं आमच्यात मानतात. भटजींनी नजर खाली केली, अक्काने मागे सरून जागा दिली.

साठ ज्योती माझ्या चेहऱ्यासमोर आल्या. किती धग असते त्यांची! बाहेरून बघताना कळत नाही. पापण्या आपोआप मिटू लागल्या, आणि त्या मिटत्या पापण्यांआड तो काळोख आला, ते नारिंगी ठिपके आले, अण्णांचा लालसर, समाधानी दिसणारा चेहरा आला. तेव्हा ते कुठल्या वेदनेवर डोळे मिटून बसले होते, ते आता कुणाला विचारणार? मी डोळे उघडे ठेवले. पाणी वाहू लागलं, तरी ठेवले.

परात एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरता फिरता थांबली. ज्योतींच्या पलीकडून आई माझ्याकडे बघत होती. “कुठे दुखतंय का रे?” तिने विचारलं. मंत्र चालू होते, ते थबकले. “खरं सांग. सगळ्यांसमोर सांग.”

मी क्षणभर माझ्याच देहातून फिरून आलो. कंबर, पाठ, मांड्या, सगळीकडे दिवा धरून बघावं तसं.

“दुखत नाही, आई,” मी म्हणालो. “भीती वाटते.”

“सरी,” ती म्हणाली. आवाज तिचा होता, सूर अण्णांचा. आणि परात पुन्हा फिरू लागली.

मग एका कडेचा दिवा तूप संपून फुरफुरला, कणीक खरपूस भाजू लागली, आणि तो वास आला. आधी पोळीचा. मग दुसरा. मी उठून गेलो नाही. “काहीतरी जळतंय,” अक्का मागून पुटपुटली. आईने परात न हलवता मान वळवून तो दिवा शोधला, आणि बोटाने वात आत सरकवली.